आधी वारा, मग पाणी, काच सगळ्यात शेवटी

नवीन डेस्कटॉप असेंबल करायचा म्हटलं की आपण मंडळी दोन महिने प्रोसेसरवर घालवतो. सहा कोअर की आठ, या कंपनीचा की त्या, बेंचमार्क काय म्हणतात, सेल कधी लागतोय. मग ग्राफिक्स कार्ड. त्यावरून मित्रांशी भांडणं. मग रॅम, एसएसडी, मॉनिटर. आणि हे सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांत, उरलेल्या पाच मिनिटांत, दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या कॅबिनेट आणि कूलर ठरतो. तोही कसा? "साहेब, हा घ्या ना, पुढून पूर्ण काच आहे, चार लाइटवाले फॅन आतच आहेत." झालं! बजेट थोडं ताणता येत असेल तर त्यावर एक लिक्विड कूलर. नावातच लिक्विड आहे म्हणजे थंडच करणार, नाही का?

मला हे पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांना लिक्विड कूलरची गरज नाही, पुढून काचेने बंद केलेलं कॅबिनेट तर आपल्या हवामानात कुणालाच नको, आणि या दोन्हींवर जाणारे पैसे जाळीदार कॅबिनेट, दोन-तीन बरे पंखे आणि एक साधा टॉवर कूलर यांवर घातले तर मशीन जास्त शांत चालेल आणि जास्त टिकेल. आता का ते सांगतो. थोडं गणित आहे, पण अकरावीच्या फिजिक्सच्या पलीकडचं नाही.

पहिली गोष्ट. कूलर उष्णता नाहीशी करत नाही. कुठलाच कूलर करत नाही. मशीन भिंतीतल्या सॉकेटमधून जितके वॉट घेतं तितके सगळे शेवटी उष्णता होऊन तुमच्या खोलीतच येतात. उदाहरण म्हणून एक समंजस, मध्यमवर्गीय मशीन घेऊ : रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०६०. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, कार्ड ११५ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि पॉवर सप्लायमधलं नुकसान धरून आणखी चाळीस-पन्नास. म्हणजे पूर्ण भारावर साधारण २५० वॉट. जुने पिवळे शंभर वॉटचे बल्ब आठवतात? तसे अडीच बल्ब खोलीत लावून ठेवलेत असं समजा. त्यावर लिक्विड कूलर लावा नाहीतर सोन्याचा कूलर लावा, खोलीत येणार २५० वॉटच. "लिक्विड कूलिंग आहे, त्यामुळे रूम गरम होत नाही" असं कुणी सांगितलं तर प्रेमाने हसावं आणि विषय बदलावा.

दुसरी गोष्ट. लिक्विड कूलर हा शेवटी एअर कूलरच आहे. त्यातलं पाणी म्हणजे हमाल. प्रोसेसरवरची उष्णता उचलायची आणि नळीतून रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. तिथून पुढे ती उष्णता पंखा आणि खोलीतली हवाच नेते. म्हणजे रेडिएटरही खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. आपल्या घरातला माठ जातो, कारण त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. रेडिएटर मात्र सीलबंद. त्याचा आणि माठाचा काही संबंध नाही.

गंमत म्हणजे माठाशी नातं सांगायचंच तर ते साध्या टॉवर कूलरने सांगावं. त्यातल्या तांब्याच्या ज्या वळलेल्या नळ्या दिसतात ना, त्या भरीव नसतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. आत हवा काढून टाकलेली असते आणि थोडंसं पाणी असतं. दाब कमी, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ वर पत्र्यांपाशी जाते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, परत खाली येतं. मोटर नाही, पंप नाही, वॉशर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलरच्या नावावर या कल्पनेचं १९४४ सालचं पेटंट आहे. पुढे १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने स्वतंत्रपणे ती पुन्हा शोधून तिला हे नाव दिलं. अवकाशयानांसाठी विचारात घेतलेली वस्तू आज आपल्याला एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात मिळते, आणि आपण तिला "बेसिक कूलर" म्हणून नाक मुरडतो. असो.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. परदेशी रिव्ह्यू बघताना त्यांच्या खोलीचं तापमान बघायची सवय लावा. एसी लावलेल्या, २१-२२ अंशांच्या खोलीत त्या चाचण्या होतात. कूलर काय ठरवतो? तर प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील ते. समजा एखाद्या कूलरवर २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० ला स्थिर झाला. म्हणजे फरक ४८. तोच कूलर, तोच प्रोसेसर, मे महिना, पुण्यातली वरच्या मजल्यावरची खोली, दुपारचे तीन, खोलीत ३६ अंश. उत्तर सोपं आहे : ८४ च्या आसपास. नागपूर-चंद्रपूरवाल्यांनी आपापली बेरीज करावी, तिथे बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. कूलर वाईट नाही, रिव्ह्यू खोटा नाही. फक्त आपण आकडा उचलला आणि त्यामागची खोली उचलायची विसरलो.

बरं, ८४ म्हणजे घाबरायचं का? नाही. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे आणि सतत भारावर तिथपर्यंत जाणं हे आपल्या डिझाइनमध्येच आहे असं खुद्द एएमडीने सांगितलंय. इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा साधारण १०० अंशांच्या आसपास आहे. मर्यादा आली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. तो जळत नाही, फक्त हळू होतो. त्यामुळे "सीपीयू उडेल" या भीतीपोटी महाग कूलर घेणं म्हणजे चोर येईल म्हणून घराला तोफ लावण्यासारखं आहे.

आणि महाग कूलर लावला तरी किती फरक पडेल? इथे एक मेख आहे. ७६०० मध्ये हिशोब करणारी मुख्य चिप सुमारे ७० चौरस मिलिमीटरची आहे. अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान. बहुतेक उष्णता तेवढ्या जागेतून बाहेर पडायची, मग वरच्या धातूच्या झाकणात जायची, मग पेस्टमधून कूलरमध्ये. या वाटेत जी गर्दी होते ती कूलरच्या हातात नाही. रस्ता चौपदरी केला पण मधला पूल एकपदरीच राहिला, तर गाड्या पुलावरच अडणार. म्हणून ६५ वॉट वर्गातल्या प्रोसेसरवर चांगला टॉवर कूलर आणि तीन पंख्यांचा रेडिएटर यांत जो फरक पडतो तो थोड्याच अंशांचा असतो. किमतीतला फरक मात्र कित्येक पटींचा.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला. सार असं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवत गेलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील पण दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता तेवढीच राहील. पुढची तीस वर्षं उद्योग त्याच पुण्याईवर चालला. मग गळती वाढली, व्होल्टेज आणखी उतरेना, आणि ती पुण्याई संपली. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेला पेंटियम ४ प्रेस्कॉट हे त्याचं गाजलेलं उदाहरण. त्याच्या वरच्या मॉडेलांची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याचा पुढचा अवतार, तेजस, रद्दच करून टाकला.

आता बघा, या उष्णतेवर तेव्हा उपाय काय काय झाले. एक, इंटेलने कॅबिनेटवाल्यांसाठी मार्गदर्शक आराखडा काढला : खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ च्या वर जाता कामा नये. त्यासाठी बाजूच्या पत्र्याला जाळी आणि आत एक प्लॅस्टिकचं नरसाळं. त्या काळातली स्वस्त कॅबिनेटं आठवून बघा, बाजूला ते गोल नरसाळं असायचंच. आपण ते काढून फेकायचो. खरं तर ३५ अंशांची खोली धरून केलेला तो हिशोब आपल्यालाच सगळ्यात जवळचा होता! दोन, बीटीएक्स नावाचा मदरबोर्डचा नवा आराखडा, ज्यात हवा पुढून मागे सरळ रेषेत प्रोसेसरवरून जाईल अशी मांडणी होती. उत्तम कल्पना. आणि तीन, जुलै २००६ मध्ये आलेला कोअर २ ड्युओ, जो ६५ वॉटमध्ये पेंटियम ४ पेक्षा जास्त काम करायचा. तो आला आणि त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्स गुंडाळलं. उष्णतेचा प्रश्न मोठ्या पंख्याने सुटला नाही, उष्णताच कमी केल्यावर सुटला. हा धडा मला फार आवडतो. पुढे त्याच्याकडे परत येतोच.

तर मुद्दा. प्रोसेसर स्वतःची काळजी घेतो. मग थंड कुणाला ठेवायचं? बाकीच्यांना. प्रोसेसरभोवतीची व्होल्टेज देणारी सर्किटं, एम.२ एसएसडी, ग्राफिक्स कार्डाची मेमरी, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल इंजिनियर लोकांचा जुना ठोकताळा आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. एसएसडीही ७०-८० अंशांच्या आसपास वेग कमी करायला लागतात. या सगळ्यांना कोण वारा घालतं? कॅबिनेटमधून वाहणारी हवा. टॉवर कूलरचा पंखा मदरबोर्डजवळची हवा हलती ठेवतो, म्हणजे शेजाऱ्यांनाही थोडा वारा मिळतो. लिक्विड कूलर लावला की तो पंखा तिथून उठून छताला जातो आणि प्रोसेसरच्या भोवती शांतता पसरते. म्हणजे ज्याला मदतीची गरज नव्हती त्याला पालखी, आणि ज्यांना होती ते पायी.

म्हणून माझा पहिला खर्च कॅबिनेटवर. आणि कॅबिनेट निवडताना एकच प्रश्न विचारायचा : हवा आत कुठून येणार? पुढची बाजू पूर्ण काच किंवा सपाट प्लॅस्टिक असेल आणि कडेला बोटभर फट असेल, तर आतले चार काय, आठ पंखे लावले तरी ते त्या फटीतूनच श्वास घेणार. नाकाला चिमटा लावून जिना चढण्यासारखं. जाळीदार तोंड हवं, जाळी बारीक पण मोकळी हवी, आणि पुढे १२० किंवा १४० मिलिमीटरचे निदान दोन पंखे बसायला हवेत. फ्रॅक्टल डिझाइनचं २०१७ सालचं मेशिफाय सी हे या घराण्यातलं नावाजलेलं कॅबिनेट. त्याच कंपनीने २०२१ मध्ये टॉरेंटमध्ये पुढे १८० मिलिमीटरचे दोन पंखेच बसवले. आज त्या धाटणीची स्वस्त कॅबिनेटं भरपूर आहेत. बाजूला काच हवी तर खुशाल घ्या, बाजूने तसाही वारा यायचा नसतो. पुढे मात्र नको.

आपल्या कॅबिनेटचा रोग ओळखायची परीक्षा फुकट आहे. पूर्ण भार द्या, अर्धा तास थांबा, तापमानं लिहून ठेवा. मग पुढचं पॅनल काढा आणि पुन्हा अर्धा तास. आकडे पाच-सहा अंशांनी उतरले तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा आहे. ही परीक्षा केल्याशिवाय नवीन कूलर घेऊ नये, असा नियमच करायला हवा.

आता पंखे किती? त्याचंही सूत्र आहे. हवेची घनता आणि विशिष्ट उष्मा धरून हिशोब केला तर सोपं रूप असं निघतं : वॉट गुणिले १.८, भागिले आतली हवा जितके अंश तापलेली चालेल तितके अंश, म्हणजे लागणारा वारा सीएफएममध्ये. आपल्या २५० वॉटच्या मशीनमध्ये हवा आठ अंशच तापू द्यायची असं ठरवलं तर सुमारे ५६ सीएफएम. आता आर्क्टिक पी१२ या साध्या, स्वस्त पंख्याचा कागदावरचा आकडा आहे १८०० फेऱ्यांना ५६.३ सीएफएम. म्हणजे एका पंख्यात काम झालं? नाही ना! तो आकडा पंखा मोकळ्या हवेत, समोर काहीही अडथळा नसताना फिरतोय तेव्हाचा. खोक्यावर त्याच्या शेजारी दुसरा आकडा असतो, स्टॅटिक प्रेशर, या पंख्याचा पाण्याच्या २.२ मिलिमीटर स्तंभाइतका. तो पंख्याचं तोंड पूर्ण बंद असतानाचा. दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. खरा पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी जगतो. पुढे जाळी, धुळीचा फिल्टर, मागे केबलींचा गुंता. त्यातच आपल्याला तो १८०० वर नाही, ९०० वर फिरवायचाय, कारण रात्र आहे आणि घर एक बीएचके आहे. वेग निम्मा की वाराही निम्मा. म्हणून तीन पंखे : दोन पुढून आत, एक मागून बाहेर. या वर्गातल्या मशीनला एवढं पुरतं.

आवाजाचा हिशोब तर फारच बोलका आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. तोच पंखा आणखी एक जोडला तर फक्त ३ डेसिबलने. आणि १० डेसिबल म्हणजे कानाला जवळपास दुप्पट. मग एक पंखा जिवाच्या आकांताने फिरवायचा की तीन पंखे निवांत? शिवाय १४० चा पंखा १२० पेक्षा सुमारे छत्तीस टक्के जास्त जागा झाडतो, तेव्हा कॅबिनेटमध्ये बसत असेल तर तोच घ्यावा. ही चैन नाही हो. आपल्याकडे डेस्कटॉप स्वतंत्र स्टडी रूममध्ये नसतो, तो बेडरूमच्या कोपऱ्यात नाहीतर हॉलमध्ये असतो. तिथेच कुणीतरी झोपलेलं असतं, कुणाचा अभ्यास चाललेला असतो. रात्री अकराला बिल्ड लावल्यावर घरातल्या माणसाने कूस बदलून "ते बंद कर ना आता" म्हणणं किंवा न म्हणणं, हे या पंख्यांवर ठरतं. माझ्या मते कूलिंगवर खर्च करायचं हे सगळ्यात खरं कारण आहे. फ्रेमरेट वगैरे नंतर.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवावी. म्हणजे जादाची हवा फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरमधूनच आत यायला बघते. उलटं केलं की प्रत्येक फट व्हॅक्यूम क्लीनर होते. आणि आपल्याकडची धूळ ही काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. शेजारी एखादी सोसायटी उभी राहत असेल तर महिन्यात फिल्टरवर गोधडी तयार होते. फिल्टर महिन्याला धुवावा, पूर्ण वाळवून लावावा. आतली सफाई निदान वर्षातून दोनदा : एकदा दिवाळीच्या साफसफाईत, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंगची वाट लागते. आणि विदर्भातल्या मंडळींनी खिडकीतला कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नये. ती दमट हवा आणि धूळ मिळून पत्र्यांवर चिखल होतो.

सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी सांगायचा म्हणून राखून ठेवला होता, पण आताच सांगतो. घरात जुनं कॉम्प्युटर टेबल असेल तर त्याला खाली "सीपीयू" ठेवायचा एक कप्पा असतो. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. मशीन त्यातून बाहेर काढा. मागची गरम हवा भिंतीला आपटून तशीच पुढे येते आणि पुन्हा आत जाते. जुन्या वाड्यांना चौक होता, झरोके होते, कारण वारा आत यायचा तर बाहेर जायलाही वाट लागते, हे बांधणाऱ्याला माहीत होतं. आपण मात्र २५० वॉटची शेगडी कपाटात कोंडतो आणि मग तीन पंख्यांचा रेडिएटर शोधतो.

आता दुसरी बाजू. लिक्विड कूलर कुणाला हवा? ज्याच्याकडे कोअर आय९-१३९००के सारखा, पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर आहे आणि जो तासन्‌तास रेंडरिंग करतो त्याला. अगदी छोट्या कॅबिनेटमध्ये मशीन बसवायचंय आणि उंच टॉवर मावत नाही, त्याला. टॉवरलाही मर्यादा आहेत. नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर भरतो, १६५ मिलिमीटर उंच आहे, उंच रॅमवर चढून बसतो. घर बदलताना असा कूलर मदरबोर्डवर लटकत टेम्पोतून नेऊ नये, काढून न्यावा. हे सगळं मान्य. पण लिक्विड घेताना हेही मान्य करा की त्यात फिरणारा पंप आहे, नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत जातं, आणि नावाजलेल्या कंपन्याही पाच-सहा वर्षांचीच वॉरंटी देतात. रेडिएटर असा लावा की पंप ही लूपमधली सगळ्यात उंच जागा होणार नाही, नाहीतर हवा त्यात अडकून गुरगुरत बसते. टॉवरचा पंखा गेला तर लॅमिंग्टन रोडवर किंवा घरबसल्या नवा मिळतो, दहा मिनिटांत बसतो. पंप गेला तर अख्खा कूलर गेला.

आणि "मला दिसायला आवडतं" हे कारण? तेही मला मान्य आहे. हॉलमधल्या शोकेसमध्ये आपण कपबशा मांडतोच की. फक्त मग दिसण्यासाठी घेतलं असं म्हणावं, कूलिंगसाठी घेतलं म्हणू नये.

आता तो २००६ चा धडा. उष्णता वाहून नेण्यापेक्षा ती तयारच कमी करावी. रायझन ५ ७६००एक्स बाहेर काढल्या काढल्या १४२ वॉटपर्यंत जातो. बायॉसमध्ये ईको मोड लावला की ८८ वर येतो, आणि रोजच्या कामात फरक सहसा काही टक्क्यांचाच पडतो. म्हणजे चोपन्न वॉट गेले आणि खर्च शून्य. मदरबोर्ड कंपन्या स्पर्धेपायी पॉवर लिमिट मोकळी सोडतात, ती स्वतः तपासावी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होण्याचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं. त्याच्या मुळाशी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज होतं, आणि त्यावर इंटेलला मायक्रोकोडच बदलावा लागला. तिथे नुसता मोठा कूलर पुरला नसता. तीच गोष्ट पंख्यांच्या फॅन कर्व्हची. चार पिनांचे पंखे घ्या, साठ अंशांपर्यंत संथ ठेवा, पुढे हळूहळू चढवा, आणि मध्ये दोन-तीन सेकंदांचा विलंब ठेवा, म्हणजे ब्राउझर उघडला की पंखा किंचाळणार नाही.

थोडक्यात माझा खर्चाचा क्रम असा :

१. मशीनची जागा. फुकट.
२. पॉवर लिमिट आणि फॅन कर्व्ह. फुकट, अर्धा तास.
३. जाळीदार तोंडाचं कॅबिनेट, धुता येणाऱ्या फिल्टरसकट.
४. तीन बरे पंखे, बेअरिंग चांगलं बघून.
५. चार किंवा जास्त हीट पाइपचा टॉवर कूलर, उंची कॅबिनेटशी ताडून.
६. एवढं करूनही परीक्षेत नापास झालात, तर लिक्विड.

पहिल्या पाचांनंतर बहुतेकांचे पैसे उरतील. ते चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला, नाहीतर बॅकअपसाठी दुसऱ्या डिस्कमध्ये. आपण दिवसभर ऑफिसात क्षमतेचे आणि भाराचे हिशोब करतो, सर्व्हरला किती हवं ते मोजल्याशिवाय एक रुपया मंजूर होत नाही. मग स्वतःच्या पगारातून घेतलेल्या मशीनला तरी निदान एक गुणाकार आणि एक भागाकार करायला काय हरकत आहे? मे महिना दरवर्षी येतो. त्याच्या आधी एखादा रविवार काढा, पुढचं पॅनल उघडा आणि बघा तुमचं मशीन श्वास कुठून घेतंय ते.